ती आपली कोण लागते? (सरोगसीवरची विनोदी कादंबरी लिहिताना)

महालवाली (धागाकर्ती), सोमवार, रात्री १०.१२

मंडळी, गेलं दीड वर्ष मी एक कादंबरी लिहून राहिली आहे. कादंबरी विनोदी आहे, विषय सरोगसीचा, आणि सगळी गोष्ट आपल्या नागपुरात घडते. महालातलं जुनं घर, हुडकेश्वर रोडवरचा टू बीएचके, धंतोलीतले दवाखाने आणि काटोलजवळची एक संत्र्याची बाग. आठ प्रकरणं झालीत. नवव्यात गाडी अडली म्हणून हा धागा.

आपल्या मराठीत कोणत्या नात्याला शब्द नाही? बायकोच्या बहिणीचा नवरा साडू, नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ, लेकाची सासू विहीण. सवतीलासुद्धा शब्द आहे. पण आपलं बाळ जिनं नऊ महिने पोटात वाढवलं ती आपली कोण लागते? 'सरोगेट' हा अर्जावर लिहायचा शब्द. 'भाडोत्री आई' तर ऐकवत नाही. जिवतीच्या पूजेला तिला काय म्हणून बोलवायचं, पाहुण्यांना काय म्हणून ओळख करून द्यायची? या एका प्रश्नानं घरभर जी धांदल उडते, तीच माझी कादंबरी. हसू मला या धांदलीचं हवं आहे. त्या बाईचं नको.

गोष्ट थोडक्यात सांगते. मोठ्या सुनेला गर्भाशयाचा त्रास आहे, मूल पोटात राहू शकत नाही. डॉक्टर सरोगसी सुचवतात. घरात बायका भरपूर, त्यामुळे सासूबाईंना वाटतं, यात काय अवघड आहे? पण कायद्याची चाळणी लागते. सरोगेटचं वय २५ ते ३५ हवं, लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं. लहान नणंद तयार आहे, पण तिचं लग्न व्हायचं आहे. आत्याबाई तयार आहेत, त्या सत्तावन्न वर्षांच्या आहेत. मग सगळ्यांची आधार कार्डं कपाटातून बाहेर निघतात आणि मधली जाऊ, जी पाच वर्षांपासून चौतीस सांगून राहिली आहे, ती एकोणचाळीस निघते. हे प्रकरण लिहिताना मी एकटीच हसत होते.

चाळणीतून शेवटी एकच उरते, धाकटी सून. तेहतीस वर्षांची, एका मुलीची आई. आणि तिच्याशी चार वर्षांपासून बोलचाल बंद आहे, बागेच्या वाटणीवरून.

आता माझा आवडता प्रसंग. मे महिना, नवतपा लागलेला. सासूबाई पुडाच्या वडीचा स्टीलचा डबा घेऊन पहिल्यांदा धाकटीच्या घरी येतात. तिच्याकडे मोठा पत्र्याचा कूलर, आवाज असा की माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीच्या टोकावर बसतात. जी गोष्ट कानात सांगायची ती त्यांना ओरडून सांगावी लागते.

"मी कायले आली, माहीत आहे का तुले?"

"काय?"

"म्हटलं, एक काम होतं!"

"भांडे बाईकडून घासून घेतो जी आता!"

"भांडे नाही वो! लेकरू! आमचं लेकरू ठेवशील का तुझ्या पोटात?"

खिडकीबाहेर कपडे वाळत घालणारी शेजारीण तशीच उभी राहते, हातात ओला टॉवेल. धाकटी उठते आणि कूलर बंद करते. मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पात्यांचा आवाज हळूहळू थांबतो, ताट्यांमधून पाणी ठिबकत राहतं, आणि दोघी घामानं निथळत समोरासमोर बसतात. त्या दिवशी धाकटी काहीच उत्तर देत नाही. डबा मात्र ठेवून घेते.

अडलं आहे ते पुढचं. सहाव्या प्रकरणात सासूबाई तिला वाद असलेला अर्धा एकर देऊ करतात आणि ती हो म्हणते. सातव्यात मोठी सून लोकांना दाखवायला पोटाला उशी बांधते, त्याची पळापळ आहे. नववं डोहाळे जेवणाचं. डोहाळे जेवण कोणाचं करायचं? ओटी कोणाची भरायची? मी चार वेळा लिहिलं, चारही वेळा खोटं वाटलं. ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांनी बोलावं. चुका दाखवल्या तर आनंदच आहे.

---

वडसा_ते_नागपूर, सोमवार, रात्री ११.०५

कूलरचा प्रसंग जबरदस्त. मी लहानपणापासून झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं पाहत मोठा झालो. रात्रभर चालणारं नाटक, आणि एकाच प्रवेशात समोरचे लोक हसतातही, डोळेही पुसतात. विनोदी भाग वेगळा, रडका भाग वेगळा असं तिथे नसतं. हा प्रसंग त्या जातीचा आहे.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. तुमच्या उताऱ्यात सासूबाई आणि धाकटी नागपुरी बोलतात, ते बरोबर. मोठी सून कशी बोलते? ती जर पुस्तकी मराठी बोलत असेल आणि धाकटी तेवढी "कायले, मले, तुले" करत असेल, तर वाचणारा न सांगता ठरवतो की शिकलेली ती खरी आई आणि बोलीवाली ती पोट देणारी. आपल्या बोलीला सिनेमा-नाटकात इतकी वर्षं नोकराचं नाहीतर जोकराचं काम दिलं गेलं आहे. ते इथे होऊ देऊ नका. एकाच घरातल्या बायका आहेत, सगळ्याच "करून राहिली" म्हणतील.

---

महालवाली, सोमवार, रात्री ११.३१

मी आत्ता वही उघडून पाहिली. तुम्ही म्हणता तसंच झालं आहे. मोठी सून अकोल्याची, बँकेत आहे, आणि मी तिच्या तोंडी सगळं प्रमाण मराठी टाकलं आहे. हे कसं झालं मलाच कळलं नाही. बदलते. मनापासून धन्यवाद, दादा.

---

मानेवाडा_रोड, मंगळवार, सकाळी ७.४८

मी सहसा लिहीत नाही. पण रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली. चार आयव्हीएफ झाले. ज्या बाईनं पंधरा-पंधरा दिवस 'बीटा'च्या, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टची वाट पाहिली आहे आणि मग मोबाइलवर तो आकडा पाहिला आहे, तिला या विषयात विनोद दिसू शकत नाही. माझ्या चुलत जावेच्या डोहाळे जेवणाला मला बोलावलं नव्हतं. नंतर कळलं की कोणीतरी म्हणालं, "तिला कशाला, तिलाच वाईट वाटेल." म्हणजे माझ्यासाठीच मला वगळलं.

आणि ती उशी. कोणी उशी बांधते म्हणजे ती मूर्ख आहे का? माझ्या कॉलनीत नवव्या महिन्यात सपाट पोटानं फिरून दहाव्यात बाळ घेऊन आलं, तर त्या बाळाला आयुष्यभर "हे तुझं नाही ना?" ऐकावं लागेल. उशी त्या लेकरासाठी असते. तिची पळापळ दाखवून तुम्ही कोणाला हसवणार आहात?

राग आला असेल तर माफ करा.

---

महालवाली, मंगळवार, सकाळी ८.२०

ताई, माफी कसली. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

सातवं प्रकरण मी असं लिहिलं होतं की रिक्षात उशी घसरते आणि मोठी सून ती सावरताना फजिती होते. आता दिसतंय की तिथे हसू तिच्यावर आहे. तुमचं "उशी त्या लेकरासाठी असते" हे वाक्य वाचल्यावर तो प्रसंग तसा ठेवता येणार नाही.

पण एक विचारू? विनोद सोडून द्यावा असं मला अजूनही वाटत नाही. जिला आपण कायम रडतानाच दाखवतो तिलाही आपण वगळतोच. तुम्हाला डोहाळे जेवणाला न बोलावणारेसुद्धा हाच विचार करत होते की हिच्याजवळ फक्त दुःख आहे. मोठ्या सुनेला मला भांडकुदळ, खादाड, बँकेतल्या साहेबाची हुबेहूब नक्कल करणारी अशी पूर्ण बाई म्हणून लिहायचं आहे. तिनं हसवावं. तिच्यावर हसणं वेगळं.

---

धंतोली_सिस्टर, मंगळवार, दुपारी २.१५

बारा वर्षं या क्षेत्रात आहे, आता समुपदेशन करते. दवाखान्याचं नाव सांगणार नाही.

महालवाली ताई, काही तपशील देते. आजकाल बहुतेक वेळा ट्रान्सफर, म्हणजे गर्भाशयात सोडणं, एकाच भ्रूणाचं करतात, जास्त करायचे तर खास कारण लागतं. सरोगेटचं स्वतःचं बीज वापरायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे "बाळ काकूवर गेलं" हा विनोद घातला असेल तर काढा. ट्रान्सफरनंतर गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं रोज कंबरेखाली, दोन-अडीच महिने. तेलातलं इंजेक्शन असतं, गाठी येतात, बसता येत नाही. हे कादंबरीत यायलाच हवं. सगळे पोटाबद्दल बोलतात, त्या गाठींवर गरम पाण्याची पिशवी कोण धरतं हे कोणी विचारत नाही. मी एक जोडी पाहिली होती ज्यात ते काम ज्या बाईचं बाळ होतं तीच रोज करायची. दोघींचं त्या आधी विशेष सख्य नव्हतं.

आणि 'भाड्याचं पोट' हा शब्द मी कोणत्याही सरोगेटच्या तोंडून ऐकलेला नाही. त्या म्हणतात, "मी त्यांचं बाळ सांभाळते आहे."

आधी, म्हणजे पैसे देऊन चालायचं तेव्हा, वेगळं जग होतं. २००४ साली गुजरातेत आणंदला एका आजीनं स्वतःच्या मुलीची जुळी जन्माला घातली. आई झाली आजी, का आजी झाली आई, यावर आम्ही तेव्हा हॉस्टेलमध्ये तासन्‌तास बोलायचो. मग परदेशी जोडपी आली. २००८ मध्ये एका जपानी जोडप्याचं बाळ जन्मण्याआधीच त्यांचा घटस्फोट झाला आणि त्या तान्ह्या मुलीला न्यायला जपानहून तिची आजी आली. सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. ते बाळ कोणाचं, कोणत्या देशाचं, हाच प्रश्न होता. २०१५ अखेरीस परदेशी लोकांना बंदी झाली.

---

पुण्याहून_वाचतेय, मंगळवार, दुपारी ३.०२

खूप छान धागा. पुडाची वडी म्हणजे आपली कोथिंबीर वडी का?

---

वडसा_ते_नागपूर, मंगळवार, दुपारी ३.१०

कोथिंबिरीचंच सारण, पण वरून पारी असते आणि पुडीसारखी दुमडून तळतात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून सांबारवडी. नागपूरला या, खाऊ घालतो.

---

वकील_सिव्हिल_लाइन्स, मंगळवार, रात्री ९.४०

ताई, सहाव्या प्रकरणात मोठी कायदेशीर अडचण आहे आणि मला वाटतं ती तुमच्या फायद्याची आहे.

सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात फक्त परोपकारी सरोगसीला परवानगी आहे. वैद्यकीय खर्च, विहित केलेले इतर खर्च आणि सरोगेटसाठी ३६ महिन्यांचा विमा, एवढंच देता येतं. त्यापलीकडे रोख किंवा वस्तुरूपानं काहीही दिलं तर ती व्यावसायिक सरोगसी, आणि जोडप्यानं तसं केलं तरी शिक्षा आहे. सासूबाईंचा अर्धा एकर वस्तुरूपातच येतो.

म्हणजे गंमत बघा. चार वर्षं ज्या बाईनं धाकट्या मुलाचा वाटा दिला नाही, तिचं मन आता पाघळलं आहे, ती द्यायला निघाली आहे आणि नेमकं आत्ताच देता येत नाही. तो हिस्सा धाकट्याच्या हक्काचा असेल तर वाटणीपत्र ही वेगळी बाब आहे, पण एकाच महिन्यात दोन्ही कागद झाले तर कोणीही विचारेल की हे कशाच्या बदल्यात. धाकटीनं जमीन नाकारावी लागेल. जिच्यासाठी ती भांडली तीच जमीन.

अजून काही गोष्टी. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. बाळाचं पालकत्व आणि ताबा यांचा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आधीच घ्यावा लागतो, गर्भ राहण्याआधी. त्या अर्जावर जोडपं आणि सरोगेट दोघांची नावं असतात. म्हणजे वाटणीवरून चार वर्षं बोलचाल बंद असलेल्या जावा आता एकाच अर्जावर सही करतात. बाई आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी ती केव्हाही नाही म्हणू शकते. आणि तिची संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, असं कायद्यातच लिहिलं आहे. वडसावाल्या दादांचा भाषेचा मुद्दा वाचून मला हे कलम आठवलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाचंही एक योगदान सांगतो. २०१५ साली एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंना सरोगसीतून झालेल्या बाळासाठी प्रसूती रजा नाकारली गेली होती. खंडपीठानं सांगितलं की आई ती आई, तिला रजा मिळालीच पाहिजे. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तसा नियम २०२४ मध्ये केला, सरोगेटला आणि बाळाच्या आईला, दोघींना १८० दिवसांची रजा. तुमची मोठी सून बँकेत आहे, रजेचा अर्ज हे एक प्रकरण होऊ शकतं.

---

महालवाली, मंगळवार, रात्री १०.०५

वकीलसाहेब, मी खुर्चीतून उठून घरभर फिरून आली. जमीन नाकारावी लागणं! हे मला सुचलंच नव्हतं. धाकटी सासूबाईंना म्हणेल, "जमीन मले पाह्यजे, पण याच्या बदल्यात नाही पाह्यजे." आणि सासूबाईंना कळणारच नाही की आता ही का भांडून राहिली आहे.

---

काटोलकर_बागवाला, बुधवार, सकाळी ६.३०

ताई बागेचं लिहून राहिल्या म्हणून सांगतो. संत्र्याचं झाड बियापासून नाही लावत. जंबेरीचं रोप वाढवतात, त्याच्या खोडावर वीतभर उंचीवर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. मुळं जंबेरीची, वरचं झाड संत्र्याचं. अन्नपाणी जंबेरी पुरवते, फळ मात्र संत्र्याचंच येते, जंबेरीची आंबट चव त्यात उतरत नाही. आंबिया बहाराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत येते, तोडणी दिवाळीच्या आसपास. फूल ते फळ नऊक महिने धरा.

डिंक्या रोग आला की आम्ही आधी खुंट, म्हणजे खालची जंबेरी, पाहतो. खुंट चांगला असला तर बाग टिकते. धाकटी सून म्हणजे तो खुंट आहे, असं मले वाचता वाचता वाटलं. पाहा घेता आलं तर.

---

मामी_३४, बुधवार, दुपारी १२.५०

नवीन खातं उघडून लिहिते आहे. माझ्या नणंदेचं बाळ माझ्या पोटात वाढलं. नवा कायदा लागू झाल्यानंतरची गोष्ट आहे. यापेक्षा जास्त ओळख देणार नाही.

काटोलच्या दादांनी चांगल्या मनानं लिहिलं आहे, त्यांचा राग नाही. पण मी खुंट नाही. खुंटाला कोणी विचारत नाही. मला विचारलं होतं आणि मी तीन दिवस घेतले. कूलर बंद केला तो प्रसंग खरा वाटला, पण त्यानंतर तिच्या मनात काय चाललं हे लिहायचं राहिलं आहे. मला सगळ्यात आधी माझी मुलगी आठवली. ती तेव्हा सहा वर्षांची होती. माझं पोट वाढणार, सगळे "भाऊ येणार का बहीण" विचारणार, आणि मग मी रिकाम्या हातानं घरी येणार. तिला काय सांगू? नवऱ्याची काळजी मला दुसऱ्या दिवशी आली.

तुम्हाला हसू कुठे आहे ते हवं आहे ना? सांगते. सगळं घर माझ्या ताटात पाहत बसायचं. सासूबाई, नणंद, नंदई, आणि नंदईंची आई, म्हणजे माझी कोण, तीसुद्धा भंडाऱ्याहून फोन करून विचारायची की सकाळी काय खाल्लं. मला तर्री पोहे खायची इतकी इच्छा व्हायची. एक दिवस मी आणि नवरा गुपचूप गाडीवर गेलो, ठेल्यावर उभे राहिलो, पहिला चमचा तोंडाशी नेला आणि समोरून नंदई आले. तेही गुपचूपच आले होते, त्यांना घरी तिखट बंद होतं, माझ्यासोबत म्हणून. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी तीन प्लेट सांगितल्या, माझ्यात तर्री कमी. घरी कोणी काही बोललो नाही. मी इतकी हसले होते की पोटात बाळानं लाथ मारली, आणि नंदईंना सांगावं की नाही ते कळेना. सांगितलं. ते तिथेच रस्त्यावर डोळे पुसायला लागले.

आता जिथे हसू नाही ते. बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी दूध येतं. शरीराला कायदा कळत नाही. डॉक्टरांनी दूध थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या, तरी छाती दगडासारखी झाली होती. रात्री बाजूच्या खोलीत बाळ रडलं की ब्लाऊज ओला व्हायचा. नणंद आली, काही बोलली नाही, टॉवेल गरम पाण्यात पिळून माझ्याजवळ बसली. आम्ही दोघी रडलो. त्या रात्री ती नणंद नव्हती आणि मी वहिनी नव्हते. काय होतो त्याला तुम्ही म्हणता तसा शब्द नाही.

---

मानेवाडा_रोड, बुधवार, दुपारी १.२२

मामी, तुम्हाला नमस्कार. तर्री पोह्यांवर मी हसले. किती दिवसांनी हसले माहीत नाही.

महालवाली, लिहा तुम्ही.

---

महालवाली, बुधवार, दुपारी १.४०

मामी, तुमच्या परवानगीशिवाय यातलं एक अक्षरही कादंबरीत जाणार नाही. एक विचारते, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. डोहाळे जेवण झालं होतं का?

---

मामी_३४, बुधवार, दुपारी ४.१५

झालं. पोह्यांचं घ्या कादंबरीत. टॉवेलचं नका घेऊ.

डोहाळे जेवणावरून घरात पंधरा दिवस वाद. नणंद म्हणे वहिनीचं करा, मी म्हणे ताईंचं करा, सासूबाई म्हणे दोघींचं केलं तर लोकं काय म्हणतील, नाही केलं तर देव काय म्हणेल. शेवटी आजेसासूंनी ठरवलं, त्या ब्याऐंशीच्या आहेत. दोन पाट मांडले. खण दोघींना, साड्या दोघींना, हिरव्या बांगड्या दोघींना. नारळ मात्र एकच आणला होता. सगळ्या बायका पाहून राहिल्या की नारळ कोणाच्या ओटीत जाते. आजींनी आधी माझ्या पदरात घातला. मग म्हणाल्या, "आता उठ, आणि तुझ्या हातानं तिच्या ओटीत घाल. दे म्हणून मी नाही म्हणणार, तुले द्यावासा वाटला तर." मी सात महिन्यांची, मला पाटावरून उठता येईना. नणंदेनंच हात धरून उठवलं, आणि मग मी तिच्याच ओटीत नारळ घातला. एका बाईनं हळूच विचारलं, "आता गाणं कोणाचं म्हणायचं?" आजी म्हणाल्या, "पोटातल्याचं म्हणा ना, त्याले तर दोघीही माहीत आहेत."

---

धंतोली_सिस्टर, बुधवार, संध्याकाळी ६.००

मी हे माझ्या समुपदेशनात सांगेन, नाव न घेता. चालेल ना मामी?

---

मामी_३४, बुधवार, संध्याकाळी ६.२०

चालेल.

---

वडसा_ते_नागपूर, बुधवार, रात्री ८.४५

नववं प्रकरण म्हणजे हे आहे. पण महालवाली ताई, हे जसंच्या तसं घेऊ नका, तुमच्या सासूबाईंना तुमचंच काही सुचू द्या. त्या कूलरसमोर ओरडलेल्या बाई आहेत, त्या आजींसारख्या शांत नाहीत. त्या नारळ हातात धरून सगळ्यांसमोर गोंधळून जातील. आणि जमीन देता आली नाही याचा सल त्यांच्या मनात असेल, तो त्या नारळात उतरेल.

---

महालवाली, बुधवार, रात्री १०.५०

बरोबर. मी आता लिहायला बसली आहे. ओटी भरण्याच्या वेळी सासूबाई चार वर्षांत पहिल्यांदा धाकटीला नावानं हाक मारतील. इतके दिवस त्या "ऐकतेस का", "वो बाई" करत राहिल्या आहेत, हे मी आठ प्रकरणं लिहिलं पण मुद्दाम असं ठरवलं नव्हतं. आत्ता लक्षात आलं.

कादंबरीचा शेवट मला तान्ह्या पोळ्याला करायचा आहे. बाळ दीड वर्षाचं, कोणीतरी बोट धरून त्याचा लाकडी नंदी ओढत घरोघरी नेत आहे.

---

पुण्याहून_वाचतेय, बुधवार, रात्री ११.०१

तान्हा पोळा म्हणजे?

---

काटोलकर_बागवाला, गुरुवार, सकाळी ६.१०

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा पोळा. भोसल्यांच्या काळापासून आहे नागपुरात. पोट्टे लाकडी बैल सजवून आणतात, चाकं असतात खाली. मग घरोघरी जातात, लोक बोजारा देतात. बोजारा म्हणजे पैसे. त्याच दिवशी मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात, इकडे पोरं बैल ओढत असतात अन् तिकडे लोक इडापीडा हाकलून राहिले असतात.

मामी, खुंटाचं बोललो ते चुकलंच. तुम्ही विचार करायला तीन दिवस घेतले हे वाचून समजलं.

---

मामी_३४, गुरुवार, सकाळी ९.३०

दादा, मनावर घेऊ नका. आमच्याही माहेरी बाग आहे, जंबेरीच्या झाडाला मी लहानपणी पाणी घातलं आहे.

---

महालवाली, गुरुवार, सकाळी ९.५२

मामी, शेवटचं एक. तो तुम्हाला काय म्हणतो? आणि तान्ह्या पोळ्याला तुमच्या घरी येतो का?

---

मामी_३४, गुरुवार, सकाळी १०.४०

मामीच म्हणतो. मामी आहेच ना मी त्याची. आम्ही वेगळा शब्द शोधलाच नाही. माझी मुलगी मात्र सगळ्यांना सांगते, "हा आधी आमच्याकडे राहत होता."

मागच्या तान्ह्या पोळ्याला आला होता, तीच बोट धरून त्याला फिरवत होती. नंदीच्या शिंगांना बेगड लावलेली, एक चाक निघालेलं, ते हा दुसऱ्या हातात घेऊन. कॉलनीतली बारा-पंधरा पोरं होती दारात. सगळ्यांना अकरा-अकरा रुपये दिले. त्याला एकशे एक दिले.

कोणी काही विचारलं नाही.